उशिरा कळणाऱ्यांची बाजू

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी दुपारपासून महाराष्ट्रातल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: किती पडले? नव्वदच्या वर पडलेल्यांच्या घरी पेढे येतात, चौकात फ्लेक्स लागतो, क्लासवाले फोटो मागायला येतात. पन्नास-पंचावन्न पडलेल्या मुलाच्या घरी फोन वाजत राहतो आणि कुणी उचलत नाही. त्या मुलाला मात्र या निकालाचं फारसं आश्चर्य वाटत नाही. आपण इतरांपेक्षा कमी आहोत, हा निकाल त्याला तिसरी-चौथीतच लागलेला असतो.

बुद्धी मोजण्याचे, वाढवण्याचे आणि तिची व्याख्या रुंदावण्याचे प्रयत्न गेली सव्वाशे वर्षं चालू आहेत. हुशार मुलांना त्यातून काय मिळालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ज्यांना खरोखरच उशिरा कळतं, त्यांच्या पदरात काय पडलं, हे या लेखात पाहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. अशा मुलांना आपण जो धीर देतो, त्यातला बहुतेक धीर 'तू खरं तर हुशारच आहेस' या आश्वासनावर उभा असतो. ते आश्वासन ज्याच्या बाबतीत खरं ठरत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही.

ही भावना कशी तयार होते, ते आधी पाहू. पाच-सहा वर्षांचं मूल स्वतःला हुशार समजतं, कारण काल बांधता न येणारी बुटाची नाडी आज त्याला बांधता येते. त्याची तुलना स्वतःच्या कालच्या दिवसाशी असते. सात-आठ वर्षांच्या सुमारास ते शेजारच्या बाकाकडे पाहू लागतं. याच्या पुढचा टप्पा जॉन निकोल्स या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिला. लहान मुलांच्या लेखी जास्त मेहनत करणारा तोच हुशार. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र कळू लागतं की, दोघांना सारखे गुण पडले आणि त्यासाठी एकाला दुप्पट अभ्यास करावा लागला, तर तो एक जण कमी हुशार आहे. या वयापासून मेहनतीचीच लाज वाटायला लागते.

पुढे मार्टिन कॉव्हिंग्टन आणि कॅरल ओमेलिच यांनी १९७९ साली मेहनतीला दुधारी शस्त्र म्हटलं. अभ्यास न करता नापास झालो तर शिक्षक रागावतात. खूप अभ्यास करून नापास झालो तर शिक्षक कमी रागावतात, पण मुलाला स्वतःची लाज सर्वांत जास्त वाटते, कारण आता सबब उरत नाही. 'डोकं आहे, पण अभ्यास करत नाही' हे वाक्य पालकसभेत तक्रार म्हणून सांगितलं जातं. मुलाच्या कानाला ते प्रशस्तिपत्रासारखं लागतं आणि ते जपायचं तर अभ्यासाला हात न लावणंच सोयीचं. शेवटच्या बाकावरचा बराचसा दंगा या हिशेबातून येतो.

मी 'क' तुकडीत शिकलो. वार्षिक परीक्षेच्या गुणांवर तुकड्या पाडायची पद्धत होती. 'अ' तुकडीला शाळेतले चांगले शिक्षक, आमच्याकडे जो मोकळा असेल तो. कुणी दुष्ट नव्हतं. गणिताच्या सरांना आमच्याविषयी माया होती आणि त्या मायेपोटीच ते आम्हाला अवघड उदाहरणं सोडून द्यायला सांगत. 'तुम्हाला हे येणार नाही' हे इतक्या प्रेमाने सांगितलं गेलं की त्यावर शंका घेण्याचं कुणाच्या मनातच आलं नाही.

मोठ्या शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे हा त्रास टळतो, असंही नाही. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून अनेक देशांतल्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की, सारख्याच क्षमतेची दोन मुलं घेतली, तर हुशारांच्या शाळेत गेलेलं मूल स्वतःला कमी लेखतं आणि साध्या शाळेतलं मूल स्वतःविषयी बरं मत बाळगतं. तालुक्यात पहिला आलेला मुलगा पुण्याच्या नामांकित कॉलेजात जातो आणि दिवाळीच्या सुट्टीत गप्प होऊन घरी येतो, त्यामागे हेच असतं. त्यातून मराठी माध्यमातला असेल, तर अकरावी सायन्सला आणखी एक धक्का बसतो. कालपर्यंत ज्या गोष्टीला घर्षण म्हणत होता, तिचं नाव बदललेलं असतं, पुस्तक परकं झालेलं असतं आणि वर्गात शंका विचारायची तर वाक्य जुळवण्यातच तास संपतो. विषय समजत नाही की भाषा समजत नाही, हे वेगळं करून त्याला कुणी सांगत नाही. तो आपला एकच निष्कर्ष काढतो, आपलं डोकं चालत नाही.

या सगळ्याची किंमत मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती असं नाही. पण गुणांनाच माणसाची किंमत मानणाऱ्या समाजाने या आकड्यावरून नजर फिरवू नये.

आता मोजमापाकडे. बुद्धिमापनाची सुरुवात मंद मुलांच्या हितासाठी झाली, हे आज बहुतेकांना माहीत नसतं. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झाल्यावर वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न आला आणि १९०४ साली सरकारने त्यासाठी आयोग नेमला. त्या कामातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली पहिली चाचणी तयार केली. कोणत्या मुलाला जास्त मदत लागेल हे ओळखणं, एवढाच तिचा हेतू होता. बिने यांनी अशा मुलांसाठी लक्ष, स्मरण आणि इच्छाशक्ती वाढवणारे व्यायामही बसवले. १९०९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी बुद्धी जन्माला येतानाच ठरलेली असते, ती वाढत नाही, या मताला जोरदार विरोध केला. १९११ मध्ये ते वारले.

पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी बुद्ध्यांकाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी चाचणीची अमेरिकन आवृत्ती काढली. मदतीसाठी केलेलं साधन क्रमवारीचं साधन झालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १७ लाखांहून अधिक सैनिकांची बुद्धी मोजली. १९२७ साली तर 'मंदबुद्धी' ठरवलेल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. बिने यांच्या चाचणीने जिला मदत मिळायची, तिच्यावरच ही पाळी आली. या इतिहासातलं याहून कठोर वळण मला माहीत नाही.

आपल्याकडे धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने चाचणीचं रूपांतर केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झालं. १९६० च्या दशकात नागपुरात ए. जे. मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीची भारतीय आवृत्ती तयार केली. 'बिने-कामत' आणि 'मालिन' ही नावं बालमार्गदर्शन केंद्रांत आणि रुग्णालयांत अनेक दशकं घेतली जात आहेत. या चाचण्यांनी अनेक मुलांचं भलंही केलं आहे. एक अडचण मात्र आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की, अनेक देशांत दर दहा वर्षांनी सरासरी गुण सुमारे ३ अंकांनी वाढत गेले. त्यामुळे जुन्या पिढीवर बसवलेल्या निकषांवर आजचं मूल आहे त्यापेक्षा वर दिसू शकतं, आणि ज्याला मदत हवी ते मूल 'ठीक आहे' म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं.

रेषा कुठे ओढायची हेही माणसांनीच ठरवलेलं असतं. बुद्ध्यांकाची सरासरी १०० धरतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने १९५९ साली मतिमंदत्वाची रेषा ८५ च्या आसपास ठेवली होती. १९७३ मध्ये ती ७० वर आणली. ७० ते ८५ या पट्ट्यात सुमारे १४ टक्के माणसं येतात. ती सगळी एका निर्णयाने 'मतिमंद'ची 'सामान्य' झाली. शिक्का गेला हे चांगलंच झालं. पण शिक्क्याबरोबर मदतीचा हक्कही गेला. पन्नास मुलांच्या वर्गात अशी सुमारे सात मुलं बसतात. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात बौद्धिक अक्षमता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, ही सात मुलं मात्र कुठल्याच रकान्यात नाहीत. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, प्रज्ञावंत मुलांसाठी १९६२ पासून काम करणारी पुण्याची ज्ञान प्रबोधिनी आहे. या सगळ्यांविषयी मला आदर आहे. त्याच तोलामोलाचं काही या सात मुलांसाठी शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं.

ज्यांना 'ढ' म्हटलं जातं, त्यातली पुष्कळ मुलं बुद्धीने कमी नसतातच, हेही तितकंच खरं आहे. कारणं भलतीच असतात. कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, कुणाचा कान वाहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. रक्तात लोह कमी असलेलं मूल वर्गात पेंगतं आणि आळशी ठरतं. कुणी वर्गात वयाने सर्वांत लहान असतं. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ धुए यांनी २००६ साली अनेक देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा चौथीतली वयाने सर्वांत लहान मुलं सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा ४ ते १२ शततमकांनी मागे होती. आठवीतही तो फरक पुरता मिटला नव्हता. सहाव्या वर्षी अकरा महिन्यांनी लहान असणं म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा कमी जगलेलं असणं. ते आपण हिशेबात धरत नाही.

डिस्लेक्सियाविषयी आता थोडी जाण आली आहे. दहावी-बारावीला अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना सवलती देणारं महाराष्ट्र हे १९९६ साली देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. २००७ च्या 'तारे जमीन पर'नंतर शाळांच्या स्टाफरूममध्ये हा शब्द पोहोचला. पण तपासणी, प्रमाणपत्र, विशेष शिक्षक हे सगळं अजूनही मोठ्या शहरांभोवती घुटमळतं.

जातीचं काय? बुद्धी काही घराण्यांत असते आणि काहींत नसते, ही आपल्या समाजाची फार जुनी श्रद्धा आहे, आणि ती मुलांच्या अंगात किती मुरते हे कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांच्या उत्तर प्रदेशातल्या प्रयोगाने दाखवलं. सहावी-सातवीतली ३२१ उच्चजातीय आणि ३२१ दलित मुलं, कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायची. कुणाची जात सांगितली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांनी सोडवलेली कोडी सुमारे एक पंचमांशाने घटली. मुलं तीच होती, कोडीही तीच. ज्या शाळेत शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात जातीनुसार हात वर करायला लावतात, तिथल्या प्रत्येक शिक्षकाने हा प्रयोग वाचावा असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत मोठं कारण मात्र अभ्यासक्रमाच्या वेगात आहे. 'असर'च्या शैक्षणिक पाहण्या गेली अनेक वर्षं सांगत आहेत की, ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. निम्मी मुलं मागे पडतात तेव्हा दोष मुलांच्या डोक्यात शोधणं अन्यायाचं आहे. शिक्षकाला 'पोर्शन' पूर्ण करायचा असतो, पुस्तक पुढे जातं आणि दुसरीत सुटलेलं मूल पाचवीपर्यंत नुसतं बसून राहतं. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने यावर साधा उपाय केला. मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना रोज दोनेक तास बाजूला घ्यायचं, वस्तीतल्याच एखाद्या तरुणीने त्यांना येतं तिथून शिकवायचं. या 'बालसखी' उपक्रमाची मुंबई आणि बडोद्यात काटेकोर चाचणी झाली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे त्या अभ्यासकांपैकी. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. इयत्ता बाजूला ठेवून मुलाच्या पातळीवरून सुरुवात करायची, एवढंच त्यात होतं.

शाळेत घालवलेल्या वेळाने बुद्ध्यांकही वाढतो. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक माणसांवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे १ ते ५ अंकांची वाढ दिसली. 'मला बाई यातलं काय कळतंय' असं म्हणणाऱ्या, चौथीतून शाळा सुटलेल्या आपल्या आया-आज्यांचा विचार या आकड्याबरोबर करून पाहावा. शेताचा, दुधाचा, भिशीचा हिशेब तोंडी ठेवणाऱ्या बायका कागद पुढे आला की मागे सरकतात. डोक्यात कमतरता आहे असं त्या जन्मभर मानत आल्या. कमतरता वर्षांची होती.

म्हणजे 'ढ' ठरलेल्यांपैकी अनेकांना न्याय देता येतो. चष्मा द्या, औषध द्या, वेळ द्या, त्यांच्या भाषेत शिकवा. हे सगळं करून झाल्यावरही काही मुलं हळू शिकतील. इथून पुढे आपल्या सांत्वनाचा खरा कस लागतो.

सर्वांत लाडकं सांत्वन म्हणजे आइन्स्टाइन गणितात नापास झाले होते, हे. ते खोटं आहे. पंधराव्या वर्षाच्या आत त्यांनी कलनशास्त्र आत्मसात केलं होतं. सोळाव्या वर्षी झुरिचच्या प्रवेशपरीक्षेत ते अडले, ते गणित-विज्ञानाबाहेरच्या विषयांत. रामानुजन कुंभकोणम आणि मद्रासच्या कॉलेजांत नापास झाले हे खरं, पण गणितात बुडून बाकीच्या विषयांकडे पाठ फिरवल्यामुळे. या गोष्टींनी हळू शिकणाऱ्या मुलाला काय मिळतं? तूही कदाचित लपलेला हिरा असशील, अशी आशा. दहावी जाते, बारावी जाते, तिशी येते, हिरा निघत नाही. मग आधीची निराशा होतीच, तिच्यावर दुसरी बसते.

हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला, तो आपल्या बालवाड्यांपासून डीएडच्या पुस्तकांपर्यंत लोकप्रिय झाला. प्रत्येक मूल कशात ना कशात हुशार असतंच, असा त्याचा अर्थ घेतला गेला. संगीत, खेळ, माणसं जोडणं यांची किंमत शाळेत वाढली हे त्याचं मोठं काम. पण या बुद्धिमत्ता एकमेकींपासून स्वतंत्र असतात याला मोजमापातून भक्कम आधार मिळालेला नाही. आणि ज्या मुलाला गणितही येत नाही, गाताही येत नाही आणि धावण्यातही जे मागे राहतं, त्याच्यावर आणखी एक ओझं पडतं. आता त्याला आपली खास देणगी शोधून दाखवावी लागते. सुट्टीत तबला, चित्रकला, रोबोटिक्स अशा शिबिरांच्या फेऱ्या मारणारी मुलं पाहिली की मला त्यांची काळजी वाटते.

कॅरल ड्वेक यांचं काम मला अधिक कामाचं वाटतं. १९९८ साली क्लॉडिया म्युलर यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगांत त्यांना दिसलं की, 'किती हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपं कोडं मागतात आणि अपयशानंतर ढासळतात. 'चांगली मेहनत केलीस' असं ऐकलेली मुलं अवघड कोड्याला हात घालतात. पुढे बुद्धी वाढू शकते या विश्वासाचा चांगलाच बोलबाला झाला. २०१९ साली अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात मागे असलेल्या मुलांची श्रेणी ४ पैकी सरासरी ०.१ ने वाढली. एवढंही पुष्कळ आहे. पण विश्वासाने सगळं साधतं, असं मुलाला सांगू नये. मग जमलं नाही तर विश्वासही तुझाच कमी पडला, असा त्याचा अर्थ होतो.

आपल्या परंपरेतल्या गोष्टींतही दोन तऱ्हा आहेत. यादवकाळातल्या बोपदेवाची दंतकथा मराठी घरांत सगळ्यांना माहीत असते. गुरूने हाकललेला मठ्ठ मुलगा विहिरीवर दोराने दगडाला पडलेले खळगे पाहतो, परत फिरतो आणि मोठा व्याकरणकार होतो. घासत राहा, असं ती सांगते. बौद्ध परंपरेतल्या चूळपंथकाची गोष्ट निराळी आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहार सोडून जायला सांगितलं. बुद्धांनी त्याला पुन्हा गाथा दिली नाही. पांढरं फडकं दिलं आणि ते हाताने चोळत दोन शब्द म्हणत राहायला सांगितलं. फडकं मळत गेलं आणि जे गाथेतून कळत नव्हतं ते त्याला कळलं. पंचतंत्रातला विष्णुशर्माही राजपुत्रांना शास्त्रं सोडून गोष्टी सांगतो. इथे बदलतो तो शिकवणारा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच केलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली. मला बोपदेवापेक्षा ही दुसरी तऱ्हा मुलांच्या जास्त हिताची वाटते, आणि ती आपण फार कमी वेळा सांगतो.

आता प्रश्न उरतो तो स्वतःला स्वीकारण्याचा. १९५८ साली ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी गुणवत्तेवर चालणाऱ्या भावी समाजाचं भयचित्र रंगवणारं पुस्तक लिहिलं. पूर्वी गरीब माणूस म्हणू शकत होता की मला संधी मिळाली नाही. संधी सर्वांना दिली असं एकदा जाहीर झालं की मागे राहिलेल्याला स्वतःविषयी चांगलं बोलायला कारणच उरत नाही. अशा समाजात 'स्वतःचा अभिमान बाळगा' हा उपदेश पुरत नाही. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये स्वाभिमान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल नेमून पाहिलं. २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळं संशोधन तपासलं, तेव्हा स्वाभिमान वाढवल्याने गुण वाढतात असं काही आढळलं नाही.

मला पटलेलं उत्तर अल्बर्ट एलिस यांचं आहे. १९५५ पासून त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती घडवली. महाराष्ट्रात ती ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्थांमधून आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे बऱ्याच मराठी वाचकांपर्यंत पोहोचली आहे. एलिस यांचा स्वाभिमानालाच आक्षेप होता. स्वाभिमान म्हणजे स्वतःला गुण देणं, आणि ज्याला आज चांगले गुण दिले त्याला उद्या वाईट गुण द्यावे लागतात. त्यांच्या मते, कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. गणिताच्या पेपरात ३५ पडले, हे खरं मानायचं. मी ३५ टक्क्यांचा माणूस आहे, हे मानायचं नाही. यात 'तू हुशारच आहेस' असं खोटं बोलावं लागत नाही. हळू शिकणाऱ्या माणसाला लागू पडणारं हे मला भेटलेलं पहिलं प्रामाणिक उत्तर. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून मांडलेली आत्मकरुणेची कल्पना त्याच वाटेवरची आहे. मित्र चुकला तर आपण त्याच्याशी जसं वागू तसं स्वतःशी वागायचं.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की, शिक्षक आणि वडील दोघंही त्यांना अगदी सामान्य, किंबहुना सामान्याहून थोडा कमी मुलगा समजत. उतारवयातही आपल्याला चटकन आकलन होत नाही, शास्त्रज्ञ-मित्र हक्सले यांच्यासारखी तल्लख बुद्धी आपल्याकडे नाही, हे त्यांनी साधेपणाने नोंदवलं. डार्विन थोर होते म्हणून हे उदाहरण मी देत नाही, नाहीतर पुन्हा हिऱ्याचीच गोष्ट होईल. त्यांची नोंद करण्याची रीत मला शिकण्यासारखी वाटते. उणीव लिहिली, तिच्यामुळे कामाची पद्धत कशी ठरली तेही लिहिलं, आणि त्यात स्वतःला कमी लेखणं कुठे नाही.

कमी बुद्ध्यांकाची माणसं कमी सुखी असतात का, याचाही अभ्यास झाला आहे. इंग्लंडमधल्या २००७ च्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती थोडी कमी सुखी आढळली. पण त्यातला बराच भाग कमी उत्पन्न, वाईट प्रकृती आणि रोजच्या कामांत लागणारी मदत यांनी समजावता आला. दुःखाचं मूळ शोधायचं तर पगारात आणि दवाखान्यात शोधावं लागेल.

स्वीकार कसा दिसतो? मला तो एका अगदी साध्या ठिकाणी दिसतो. 'कळलं नाही, पुन्हा सांगा' असं म्हणता येणं. शाळेत ज्याला हसलं गेलं, तो हे वाक्य पहिल्यांदा गमावतो. मोठेपणी तो बँकेत कर्जाच्या कागदावर न वाचता सही करतो, कारण व्याजाचा दर पुन्हा विचारायची लाज वाटते. दवाखान्यात डॉक्टर गोळ्या कशा घ्यायच्या ते भराभर सांगतात, तो मान डोलावतो आणि बाहेर येऊन औषधाच्या दुकानातल्या पोराला हळूच विचारतो, तोही घाईत असतो. ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर येतं तेव्हा तो रजा टाकतो. यातलं एकही नुकसान बुद्धी कमी असल्याने झालेलं नाही. सगळं न विचारल्याने झालेलं आहे. याउलट 'मला वेळ लागतो, जरा लिहून द्या' असं न लाजता म्हणणारा माणूस, बुद्ध्यांक कितीही असो, बहुतेक कामं निभावून नेतो. अशी माणसं मी गॅरेजमध्ये, पोस्टात, शाळेच्या कार्यालयात पाहिली आहेत. त्यांच्या खिशात छोटी वही असते आणि दुसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज पडत नाही.

हे वाक्य वर्गात शिकवता येतं. त्यासाठी अभ्यासक्रम बदलायला नको. मुलाने दुसऱ्यांदा विचारलं की शिक्षकाने दुसऱ्या शब्दांत सांगायचं, तिसऱ्यांदा विचारलं की वस्तू हातात देऊन सांगायचं, आणि वर्गात कुणी हसलं तर तास तिथेच थांबवायचा. घरी आई-बाबांनी 'किती वेळा सांगायचं तुला' हे बोलायचं सोडून द्यायचं. तुकड्या गुणांवर पाडायच्या नाहीत. पन्नासातल्या त्या सात मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळावा यासाठी प्रमाणपत्राची अट नको, कारण ज्याला जादा वेळ लागत नाही तो पेपर लवकर देऊन बाहेर खेळायला जाईल.